जुन्या पिकअपचा एसी: थंड हवा दाखवून केलेली फसवणूक

जुन्या पिकअप ट्रकला स्वस्तात एसी बसवून देणारे लोक जेव्हा फसवतात, तेव्हा ते बहुधा थंड हवा देऊनच फसवतात. गाडी ताब्यात देताना डॅशबोर्डखालून गार झोत येतो, मालक त्यापुढे हात धरून पाहतो, उरलेली रक्कम चुकती करतो आणि व्यवहार तिथेच संपतो. माझ्या बाबतीत नेमके हेच घडले. पुढे त्या यंत्रणेचा एकेक भाग उघडल्यावर आत जे सापडले ते, अशी गाडी बाळगणाऱ्या इतरांना आधीच ठाऊक असावे म्हणून येथे लिहीत आहे.

माझी पिकअप 1960च्या दशकातली आहे. तिला मुळात एसी नव्हता. केबिन लहान, त्यामुळे ती थंड करणे सोपे असेल असे वाटते. पण छताचा पत्रा उघडा आणि इंजिन व चालकाचे पाय यांच्यामध्ये एकच पातळ भिंत, यामुळे आत येणारी उष्णता आकाराच्या मानाने फार असते. अशा केबिनला काही किलोवॅट क्षमतेचीच यंत्रणा लागते, आणि ती इंजिनावरच्या पट्ट्याने फिरणाऱ्या कॉम्प्रेसरशिवाय (गॅस दाबणाऱ्या पंपाशिवाय) परवडणाऱ्या खर्चात मिळत नाही.

लायटरच्या सॉकेटमध्ये लावायच्या ‘12 व्होल्ट एसी’च्या जाहिरातींविषयी थोडक्यात सांगतो. त्या सॉकेटचा फ्यूज साधारण 10 ते 20 अँपिअरचा असतो, म्हणजे तिथून फार तर 120 ते 240 वॅट वीज मिळते. त्या डब्यात एकतर पंखा आणि ओला स्पंज असतो, किंवा एखादी पेल्टियर चिप (वीज दिली की एका बाजूने गार आणि दुसऱ्या बाजूने गरम होणारी चकती) असते, जी काही मोजके वॅट उष्णता बाहेर टाकते आणि तीही त्याच केबिनमध्ये. शांत बसलेल्या एका माणसाच्या शरीरातूनच सुमारे 100 वॅट उष्णता बाहेर पडत असते, हे लक्षात घेतले की या वस्तूंचा विचार तिथेच थांबतो. ही फसवणूक निदान लगेच उघडी पडते. माझी झाली ती याहून हुशारीने केलेली होती.

ज्या कारागिराने काम घेतले, त्याने इतरांच्या जवळजवळ निम्म्या रकमेत ‘संपूर्ण नवीन किट’ बसवून देण्याचे कबूल केले. कॉम्प्रेसर नवा, कंडेन्सर (गॅसमधली उष्णता बाहेर टाकणारी जाळी) नवा, डॅशबोर्डखाली टांगायची कूलिंग कॉइल व ब्लोअर असलेली पेटी नवी, ड्रायर (यंत्रणेतला ओलावा शोषणारा डबा) नवा आणि थंडावा देणारा गॅस आर-134ए, असे त्याने तोंडी सांगितले. बिलावर मात्र ‘एसी फिटिंग, संपूर्ण’ एवढीच एक ओळ लिहिली. काम चालू असताना गाडी पाहायला जाण्याचा विषय काढला की आज पाईपचे काम आहे, आज बॉनेट उघडे आहे, आज मुख्य माणूस नाही, अशी कारणे पुढे येत. गाडी ताब्यात दिली ती संध्याकाळी, ऊन उतरल्यावर. इंजिन बरेच रेझ केलेले, काचा बंद आणि ब्लोअर सर्वांत कमी वेगावर. या तिन्ही गोष्टी मुद्दाम केलेल्या होत्या, कारण कमी वेगाच्या ब्लोअरवर कॉइलवरून जाणारी हवा थोडी असल्याने ती कुठल्याही यंत्रणेत चांगली गार होते. खरी परीक्षा भर दुपारी, इंजिन आयडलवर (गाडी उभी, इंजिन मंद) आणि ब्लोअर पूर्ण वेगावर असतानाच होते.

पहिल्या कडक उन्हातच दोष दिसू लागले. थोडा वेळ गार हवा येई, मग ती हळूहळू साधी होई आणि गाडी काही काळ उभी ठेवली की पुन्हा गार होई. यंत्रणेत पाण्याचा अंश राहिला की हीच लक्षणे दिसतात: एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या, म्हणजे गॅसचा दाब एकदम उतरवणाऱ्या झडपेच्या, बारीक छिद्रात बर्फ धरतो, मार्ग अडतो आणि बर्फ वितळला की पुन्हा मोकळा होतो. कारागिराचे म्हणणे असे की जुन्या इंजिनाला एवढे चालायचेच, गॅस थोडा कमी झाला असेल, येऊन भरून घ्या. त्यासाठी अर्थात वेगळे पैसे. येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे: एसीचा गॅस इंधनासारखा खर्च होत नाही, तो बंद नळ्यांतून फिरत राहतो. नव्याने बसवलेल्या यंत्रणेत तो काही आठवड्यांत कमी झाला असेल तर ती गळती आहे, आणि गळती न शोधता गॅस भरून देणारा माणूस पुढच्या भरण्याचीही सोय करून ठेवत असतो.

मला सर्वांत अस्वस्थ केले ते वासाने. सकाळी बंद केबिनचे दार उघडले की शेगडीच्या गॅससारखा वास येई. आर-134एला असा वास नसतो, आणि शीतकरणासाठी तयार केलेल्या शुद्ध हायड्रोकार्बन गॅसलाही (प्रोपेन, ब्यूटेन वगैरे) नसतो. इंधनाच्या गॅसमध्ये मात्र गळती कळावी म्हणून उग्र वास मुद्दाम मिसळलेला असतो. तेव्हा गाडी दुसऱ्या तंत्रज्ञाकडे नेली. त्याने आपले गॅस काढून घेण्याचे यंत्र लावण्याआधी गॅस ओळखणारे उपकरण लावले आणि त्यावरचा हायड्रोकार्बनचा आकडा पाहून आपले यंत्र जोडण्यास चक्क नकार दिला, कारण तसला गॅस त्याच्या टाकीत गेला असता तर आतला सगळा चांगला साठा वाया गेला असता. साध्या प्रेशर गेजवर हा प्रकार कळला नसता. प्रोपेन आणि ब्यूटेन यांच्या मिश्रणाचा दाब आर-134एच्या दाबाशी बराच जुळतो आणि थंडावाही चांगला मिळतो. निष्पक्षपणे सांगायचे तर हायड्रोकार्बन हा शीतकारक म्हणून वाईट नाही, घरगुती फ्रिजमध्ये आर-600ए (आयसोब्यूटेन) सर्रास वापरतात. पण तिथे तो अगदी थोडा आणि झाळ मारून बंद केलेल्या नळ्यांत असतो. जुन्या पिकअपमध्ये हादऱ्यांनी सैल होणारे जोड आणि बसण्याच्या जागेतच कूलिंग कॉइल असताना ज्वालाग्राही गॅस भरणे, आणि तेही मालकाला न सांगता, हा जिवाशी खेळ आहे.

यानंतर एकेक भाग खाली उतरला. कॉम्प्रेसर काळ्या रंगाने चकचकीत केलेला होता, इतका की लेबलवरूनही रंग मारला होता. थिनर लावलेल्या फडक्याने ते लेबल पुसल्यावर खाली आर-12 ही अक्षरे दिसू लागली. आर-12 हा ओझोनच्या थराला हानी पोहोचवणारा गॅस. 1987च्या माँट्रियल करारानंतर विकसित देशांनी त्याचे उत्पादन 1995च्या अखेरीस थांबवले आणि विकसनशील देशांनी 2010पर्यंत. नव्या गाड्यांत त्याची जागा 1990च्या दशकाच्या पूर्वार्धात आर-134एने घेतली. म्हणजे ‘नवा’ कॉम्प्रेसर किती जुना असेल याचा अंदाज लेबलच सांगत होते. त्यातले तेल पांढऱ्या कपड्यावर ओतले तेव्हा ते काजळ खलल्यासारखे दिसले, आणि उजेडात धरल्यावर त्यात ॲल्युमिनियमचे बारीक कण चमकत होते.

हायड्रोकार्बन निवडण्यामागचे गणितही येथेच उलगडले. आर-12च्या कॉम्प्रेसरमध्ये खनिज तेल असते आणि ते आर-134एमध्ये मिसळत नाही, त्यामुळे तो गॅस भरायचा तर तेल बदलून पॅग किंवा एस्टर हे कृत्रिम तेल घालावे लागते. हायड्रोकार्बनमध्ये मात्र खनिज तेल सहज मिसळते. म्हणून भंगारातला कॉम्प्रेसर, आतले जुने तेल तसेच ठेवून, त्या गॅसवर काही काळ बिनतक्रार चालतो. शिवाय हा गॅस वजनाने निम्म्याहूनही कमी लागतो. फसवणूक इथेच संपत नाही, कारण बॉनेटच्या आत ‘आर-134ए’ असे नवे स्टिकर चिकटवलेले होते. त्यावर विश्वास ठेवून पुढे एखाद्या प्रामाणिक माणसाने खरोखर आर-134ए भरला असता तर तेल कॉम्प्रेसरकडे परत फिरले नसते, तो जाम झाला असता आणि दोष त्या प्रामाणिक माणसावर आला असता.

ड्रायर नवा होता खरा, पण तो निरुपयोगी झालेला होता. त्यातील ओलावा शोषणारा पदार्थ हवेतली वाफही तितक्याच हावरेपणाने शोषतो, म्हणून ड्रायरच्या दोन्ही तोंडांची झाकणे सगळी जोडणी झाल्यावर अगदी शेवटी काढायची असतात. माझ्या गाडीत तो पहिल्यापासून उघडा पडून होता असे त्याच्या स्थितीवरून दिसले. व्हॅक्यूम पंप तर लावलेलाच नसावा, असे दुसऱ्या तंत्रज्ञाचे मत पडले. पाऱ्याच्या 29 इंचांच्या पोकळीत पाणी साधारण 25 अंश सेल्सिअसलाच उकळते आणि वाफ होऊन निघून जाते. त्यासाठी पंप निदान अर्धा-पाऊण तास चालू ठेवावा लागतो आणि नंतर तो बंद करून काटा हलतो का हे पाहावे लागते. हे काम डोळ्यांना दिसत नाही, वेळ खाते आणि गाळले तरी पहिल्या दिवशी हवा गारच येते. चोरी करायला याहून सोयीची जागा नाही.

विजेच्या बाजूलाही तसेच होते. जुना डायनॅमो पुरेल असे मला छातीठोकपणे सांगितले होते. असा डायनॅमो भर वेगात 30 ते 35 अँपिअर देतो आणि आयडलवर जवळजवळ काहीच देत नाही. ब्लोअर पूर्ण वेगावर सुमारे 15, कॉम्प्रेसरचा क्लच 3 ते 4 आणि वर हेडलाइट, ही बेरीज रात्रीच्या रहदारीत बॅटरीतूनच भागवली जाते. अल्टरनेटर बसवला तेव्हा तो प्रश्न मिटला. ज्यांच्या गाडीत अजून 6 व्होल्टची वायरिंग आहे, त्यांनी तर आधी तीच बदलून घ्यावी. बाजारातली किट 12 व्होल्टची असतात.

खर्च वाचवायला या कामात रास्त जागा आहेत. कॉम्प्रेसर धरणारा ब्रॅकेट आणि जादा खाचेची पुली जुनी चालते, फक्त पट्टा सरळ रेषेत बसला पाहिजे. छत, दारे आणि फायरवॉलला (इंजिन व केबिन यांमधल्या भिंतीला) आतून इन्सुलेशन स्वतःच्या हाताने चिकटवता येते आणि त्याचा परिणाम कंडेन्सर मोठा केल्याइतका जाणवतो. वायरिंग येत असेल तर तीही स्वतः करावी. पण कॉम्प्रेसर, ड्रायर, ओ-रिंग आणि आतून आवरण असलेले होज पाईप खोक्यासकट आपल्यासमोर उघडले जावेत, त्यांची नावे बिलावर यावीत, आणि व्हॅक्यूम मारताना व गॅस वजनकाट्यावर मोजून भरताना आपण तिथे हजर असावे. हजर राहू न देणाऱ्याला आगाऊ रक्कम देऊ नये.

पैशांचे म्हणाल तर दुसऱ्या तंत्रज्ञाचा लेखी अहवाल, गॅस ओळखणाऱ्या उपकरणाचा फोटो आणि पुसलेल्या लेबलचा फोटो समोर ठेवल्यावर त्या कारागिराने कॉम्प्रेसरची रक्कम परत केली. उरलेल्या रकमेबद्दल त्याने हात वर केले, आणि गॅसबद्दल विचारले तर सगळे हाच भरतात, एवढेच तो सांगत राहिला. काढलेला कॉम्प्रेसर परत द्या, अशी मागणी मात्र त्याने चिकाटीने केली. तो मी दिला नाही, कारण पुन्हा रंगवून तो दुसऱ्या कुणाच्या तरी बॉनेटखाली गेला असता.