सोलचं वॉर मेमोरियल : फुकट आहे, पण अर्धा दिवस काढून जा

ऑफिसच्या कामासाठी तीन आठवडे कोरियात होतो आणि एकच शनिवार पूर्ण मोकळा मिळाला. सगळे म्हणाले राजवाडा बघ, टॉवर बघ, मी गेलो वॉर मेमोरियल ऑफ कोरियाला. योंगसानमध्ये आहे, सामगाकजी स्टेशनला उतरायचं, 12 नंबरच्या एक्झिटने बाहेर आलं की चालत पाच मिनिटं. तिकीट नाही. आत एसी मस्त, बसायला जागा भरपूर, टॉयलेट आपल्या मॉलपेक्षा स्वच्छ. पोरं बरोबर असतील तर बाहेरच्या मैदानातच तास जातो, रणगाडे, विमानं, एक अख्खं बी-52 बॉम्बर विमान उभं आहे आणि त्याच्या पंखाखाली लोक निवांत डबा खात बसलेले असतात.

आधी तक्रार संपवतो. मी अ‍ॅपवरून इंग्लिश गाईडवाली हाफ डे टूर बुक केली होती (कंपनीचं नाव लिहीत नाही), गाडी चाळीस मिनिटं उशिरा आली, आणि जेवण व्हेज सांगूनही सूपमध्ये माशाचा वास. विचारलं तर म्हणे मासा नाहीये, फक्त पाणी माशाचं आहे. पैसे परत मागितले, अजून मागतोच आहे. पण गाईड काका सोन्यासारखा माणूस, साठीच्या पुढचे, त्यांच्यामुळे तीन स्टार वाचले.

दारातच दोन भावांचा पुतळा आहे, मोठा दक्षिणेकडून लढणारा आणि धाकटा उत्तरेकडून, रणांगणात एकमेकांना मिठी मारतात. तो सगळे बघतात, फोटो काढतात. मी जास्त वेळ थांबलो तो बाजूच्या ओवऱ्यांमध्ये, जिथे काळ्या दगडावर परदेशी सैनिकांची नावं कोरलीत, देशवार. 1950 ते 53 च्या उत्तर-दक्षिण कोरियाच्या लढाईत दक्षिणेच्या बाजूने 16 देशांनी लढायला माणसं पाठवली होती, त्यात इथिओपिया, कोलंबिया, तुर्कस्तान, आणि चक्क लक्झेंबर्ग. आता इथिओपियाच्या डोंगरातला पोरगा कोरियाच्या थंडीत का येऊन मरतो? काकांना विचारलं तर ते हसले आणि म्हणाले, दगडावर सगळ्यांचं कारण एकच असतं, घरी प्रत्येकाचं वेगळं असतं.

मग त्यांनी जे सांगितलं ना, मला आपली लग्नातली आहेराची वहीच आठवली. कोणी किती दिलं हे लिहून ठेवायचं आणि आपल्या घरी कार्य निघालं की वही उघडायची. इथिओपियावर 1935 मध्ये इटलीने हल्ला केला तेव्हा सम्राट हेले सेलासी जिनिव्हाला जाऊन राष्ट्रसंघापुढे (युनोच्या आधीची संघटना) बोलून आला, कोणी धावलं नाही, त्यामुळे एकावर हल्ला झाला की सगळ्यांनी जायचं हा नियम नुसता कागदावर राहू नये असं त्याला मनापासून वाटत होतं, म्हणून त्याने आपल्या गार्डमधल्या बटालियन पाठवल्या. तुर्कस्तानला नाटोमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या लष्करी गटात, शिरायचं होतं, दारात उभं करून ठेवलं होतं, त्यांनी सुरुवातीलाच पाच हजारांच्या आसपासची ब्रिगेड धाडली आणि 1952 मध्ये आत. बरोबर ग्रीसही. लॅटिन अमेरिकेतून लढायला एकटं कोलंबिया आलं, तिथल्या सरकारला अमेरिकेच्या नजरेत भरायचं होतं. आणि लक्झेंबर्गची सगळी मिळून शंभराच्या आसपास माणसं, बेल्जियमच्या तुकडीत मिसळून लढलेली, म्हणजे आपला अकरा रुपयांचा आहेर, पण वहीत नाव आलं पाहिजे.

आपण? भारताचा झेंडा पण आहे तिथे, बघून बरं वाटतं. नेहरूंनी लढायला माणूस दिला नाही, पण 60 पॅराशूट फील्ड अ‍ॅम्ब्युलन्स पाठवली, म्हणजे लष्करी डॉक्टरांची तुकडी, लेफ्टनंट कर्नल रंगराज यांच्या हाताखाली. म्हणजे आहेर नाही आणला, पण मागे स्वयंपाकघरात राबायला माणसं दिली. उत्तरेच्या राजधानीतून, प्याँगयांगमधून, माघार घेताना गाडी नव्हती, तर या लोकांनी एक सोडून दिलेलं रेल्वे इंजिन शोधलं, बादल्यांनी पाणी भरलं आणि औषधं-सामान घेऊन पूल उडवायच्या आत बाहेर पडले. हे मला गाईडने सांगितलं, मला कोल्हापूरकडच्या माणसाला, मान खाली गेली. मग मी पण एक सांगितलं, की युद्ध थांबल्यावर घरी जायला नकार देणाऱ्या 22 हजारांवर कैद्यांची राखण करायला जी भारतीय फौज आली तिचे प्रमुख मेजर जनरल थोरात आमच्या वडगावचे. काकांना फौज माहीत होती, वडगाव नव्हतं. तेव्हाचे अध्यक्ष सिंगमन री भारतावर एवढे चिडलेले की आपल्या सैनिकांना दक्षिण कोरियाच्या मातीवर पाय ठेवू देईनात, शेवटी बोटीवरून हेलिकॉप्टरने उचलून थेट सीमेच्या पट्ट्यात नेऊन सोडलं.

पण खरं जायचं ते व्हिएतनाम युद्धाच्या भागासाठी, तिथे कोरिया स्वतः पाहुणा झालाय. 1964 ते 1973 मध्ये त्यांनी जवळपास 3 लाख 20 हजार सैनिक पाळीपाळीने पाठवले, अमेरिकेच्या खालोखाल बाहेरची फौज यांचीच, पाच हजारांवर मेले. याला मी आहेर म्हणणार नाही, हा रोखीचा हिशोब होता. भीती अशी होती की आपण नाही गेलो तर अमेरिका कोरियातल्या स्वतःच्या दोन डिव्हिजन उचलून तिकडे नेईल आणि उत्तरेवाले परत येतील. तिथले लष्करी सत्ताधीश पार्क चुंग-ही यांनी तर 1961 मध्येच केनेडींना सैन्य देऊ केलं होतं, कोणी मागायच्या आधी. 1966 मध्ये अमेरिकेच्या राजदूताने लेखी यादीच दिली, सैन्याला नवी हत्यारं, सैनिकांचा भत्ता, कर्ज, व्हिएतनामसाठीची खरेदी शक्य तिथे कोरियातून. हांजिन, ह्युंदाई या कोरियन कंपन्या व्हिएतनाममधल्या कामांवर मोठ्या झाल्या. सैनिकांना डब्यातली किमची (कोबीचं आंबवलेलं लोणचं) हवी म्हणून दोन्ही देशांच्या वरच्या पातळीवर बोलणी झाली, ती किमची कोरियात भरायची आणि बिल अमेरिकेने द्यायचं. सूपवाल्या पोटाने ते ऐकून मला हसू आवरेना.

काकांचा मामा गेला होता. दर महिन्याला पैसे यायचे, त्यातून गल्लीतला पहिला टीव्ही आला, सगळी गल्ली त्यांच्याकडे जमायची. मामा परत आला पण टीव्हीवर जंगल दिसलं की उठून बाहेर जायचा. हे सांगताना काका माझ्याकडे बघत नव्हते. व्हिएतनाममधल्या फोंग न्यी गावात 1968 ला कोरियन मरीन सैनिकांनी गावकरी मारले, त्या प्रकरणात 2023 मध्ये सोलच्या कोर्टाने वाचलेल्या एका बाईला भरपाई द्यायचा निकाल दिला, हेही त्यांनीच काढलं, मी विचारलं नव्हतं.

असो. जाताना आरामाचे बूट घाला, वाचायचं खूप आहे, पोरं कंटाळली तर बाहेर विमानांकडे पाठवा. जेवण बाहेर करा, एक स्टेशन पुढे इतेवॉनच्या बाजूला भारतीय हॉटेलं आहेत. म्युझियमला पाच, टूरला तीन, सूपला शून्य. आणि सोमवारी बंद असतं बरं का, आमच्या टीममधले दोघं सोमवारीच गेले आणि गेटसमोर सेल्फी काढून आले.