एअर बेड आहे, पण पंप कितीवर ठेवलाय?

अंथरुणाला खिळलेल्यांसाठी एअर बेडची सोय, ही ओळ वृद्धनिवासाच्या माहितीपत्रकात हटकून सापडते. वस्तू चांगलीच आहे. पण नुसती पसरून ठेवली तर ती साध्या जाड फोमच्या गादीइतकीही कामाला येत नाही. म्हणून हे परीक्षण गादीचं आहे तेवढंच ती वापरणाऱ्या निवासाचंही.

गादीचं काम सोपं आहे. पंप एकाआड एक कप्पे फुगवतो, मधले सैल सोडतो आणि साधारण दहा-बारा मिनिटांनी अदलाबदल करतो. त्यामुळे माकडहाड, खुबा, खांदे यांच्याखालची कातडी सतत दबून राहत नाही, तिथलं रक्त फिरत राहतं आणि सतत पडून राहिल्याने होणारी दाबाची जखम, म्हणजे बेडसोअर, टाळायला मदत होते. काही पत्रकांत ३२ मिलिमीटर पाऱ्याच्या दाबाचा आकडा, याच्या खाली रक्त अडत नाही अशा अर्थाने, मोठ्या थाटात छापलेला असतो. त्याचं मूळ यूजीन लँडिस यांनी १९३० साली नखाच्या मुळाशी असलेल्या केशवाहिन्यांत, म्हणजे सगळ्यात बारीक रक्तवाहिन्यांत, मोजलेल्या दाबात आहे. ऐंशीतल्या हाडकुळ्या माणसाच्या पाठीला तो हमी म्हणून लावता येत नाही.

बाजारात मुख्यतः दोन प्रकार मिळतात. पहिली फुग्यांची, म्हणजे बबलची गादी. ही पातळ असते आणि नेहमीच्या गादीवरच अंथरायची असते. हलक्या वजनाच्या, थोडीफार स्वतः कूस बदलणाऱ्या, जखम नसलेल्या माणसाला ती पुरते. दुसरी आडव्या नळ्यांची. फुगल्यावर ती साधारण १० ते १३ सेंटीमीटर उंच होते आणि एखादी नळी फुटली तर तेवढीच बदलता येते. माणूस वजनदार असेल किंवा कातडी आधीच उघडली असेल तर नळ्यांचीच हवी. दिवसभर पडून असणारे रहिवासी सांभाळायचे आणि सगळीकडे बबलच टाकायची, ही काटकसर जखमेच्या ड्रेसिंगमधून व्याजासकट वसूल होते.

सगळ्यात जास्त घोळ पंपाच्या बटणात होतो. त्यावर वजनाचे आकडे किंवा नरम-कडक अशा खुणा असतात. सफाई करताना बटण फिरतं, किंवा गादी छान टम्म दिसावी म्हणून कुणीतरी ते शेवटपर्यंत नेतं. टम्म गादी म्हणजे फळीच. उलट हवा कमी पडली की माणूस थेट खालच्या गादीला टेकतो आणि वरून मात्र सगळं ठीक दिसतं. हे हातानेच कळतं: माणूस उताणा असताना एअर बेडच्या खालून, तळवा वर करून, माकडहाडाखाली हात सरकवायचा. हाड आणि हात यांच्यात निदान अडीच सेंटीमीटर हवेचा आधार लागला पाहिजे. पलंगाची डोक्याकडची बाजू उचलल्यावर सगळा भार बुडावर येतो, म्हणून तेव्हा पुन्हा बघायचं.

मग गादीवर काय काय अंथरलंय ते बघा. एक सैलसर पातळ चादर, बस्स. प्रत्यक्षात खाली रबरशीट, वर घडी घातलेली आडवी चादर, त्यावर शोषक पॅड आणि अंगात डायपर अशी उतरंड असते. चादर ताणून खोचली की कप्पे वरखाली होतात, पण ते कातडीपर्यंत पोचतच नाही. प्लास्टिकवर घाम साचतो, आणि ओली कातडी लवकर सोलवटते.

गादी आली म्हणून कूस बदलणं संपत नाही. साध्या गादीवर दर २ तासांनी, हा जुना दंडक. चांगल्या गादीवर कातडी बघून तो ४ तासांपर्यंत नेता येतो, पण बघितल्याशिवाय नाही. कूस करताना माणसाला पूर्ण खुब्यावर झोपवू नये. पाठीमागे उशी देऊन सुमारे ३० अंशात कललेला ठेवावा. टाचांना कुठलीही गादी पुरत नाही. पोटऱ्यांखाली उशी देऊन टाचा अधांतरीच ठेवायच्या. लाल डागावर बोट दाबून सोडल्यावर तो पांढरा पडत नसेल तर ती जखमेची सुरुवात आहे, आणि तिथे मालिश अजिबात करायचं नाही. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही. तिथे गरमपणा, कडकपणा आणि दुखणं तपासायचं. बुडाखाली द्यायच्या टायरसारख्या गोल रिंगा अजूनही दिसतात. त्या सरळ फेकून द्याव्यात, कारण कडेला दाब पडून मधल्या भागाचं रक्त अडतं.

कूस बदलल्याची नोंदवही मागून बघा. १२, २, ४, ६ असे काटेकोर आकडे, एकाच पेनाने, एकाच दमात लिहिलेले असतील तर पान पाळी संपताना भरलंय. खरी नोंद वाकडीतिकडी असते: ‘२.२० डावी कूस, माकडहाडावर लाली, सांगितलं.’

सुरक्षिततेचा भाग पत्रकात सहसा नसतो. १० सेंटीमीटरची गादी वर चढली की पलंगाचा कठडा तेवढाच बुटका होतो. गादीची कड मऊ असल्याने काठावर बसलेला माणूस सहज घसरतो, आणि कठडा व गादी यांच्यातल्या फटीत गोंधळलेल्या माणसाचं डोकं किंवा हात अडकू शकतो. उठवताना, बसवून भरवताना कप्प्यांची अदलाबदल थांबवणारं स्थिर दाबाचं बटण लावायचं. ते नसेल तर माणसाला एकट्याने काठावर बसवू नये. नळ्यांच्या बऱ्याच गाद्यांना सीपीआर, म्हणजे हृदय थांबल्यावर छाती दाबायची वेळ आली तर झटकन हवा सोडायची पट्टी असते. ती कुठे आहे, हे रात्रपाळीच्या माणसाला विचारा. तो शोधायला लागला तर उत्तर मिळालं.

पंप पायाकडच्या फळीला टांगलेला हवा. जमिनीवर ठेवला की मागची जाळी धूळ ओढते आणि दाब घसरतो. नळी पलंगाच्या सांध्यात चिमटली जाते, वीज गेली की बबलची गादी बसते. मग खाली चांगला फोम आहे का, हे महत्त्वाचं. पीव्हीसी पुसायला सौम्य साबण आणि पाणी. स्पिरिटने ते कडक होऊन चिरतं. बारीक भोक साबणाच्या फेसाने सापडतं आणि ठिगळाने बुजतं, पण शिवणीजवळ फाटलं तर गादी बदला.

ब्रिटनमधल्या ‘प्रेशर २’ या चाचणीत २,००० हून अधिक रुग्णांवर अशी गादी आणि उत्तम प्रतीचा फोम यांची तुलना झाली. २०१९ साली निकाल प्रसिद्ध झाला, आणि दोन्हींतला फरक लहानच निघाला. त्यामुळे एखाद्या निवासात नुसता जाड, न दबलेला फोम आणि वेळच्या वेळी कूस बदलणारी माणसं असतील तर एअर बेड नाही म्हणून तिथून परत फिरू नका. एअर बेड दाखवला तर मात्र खोलीत दहा-बारा मिनिटं थांबून आधी फुगलेला कप्पा सैल पडतो का, ते हात लावून बघा.