केज, बुलपेन आणि रात्रीचं जेवण : कॉलेज बेसबॉलच्या सुविधा सीझनभर वापरल्यावर

टेक्सासमधल्या एका स्टेट युनिव्हर्सिटीत स्टॅटिस्टिक्समध्ये मास्टर्स करताना मला कॅम्पसवरची नोकरी मिळाली ती बेसबॉल टीमकडे. काम डेटाचं. पिचर (बॅट्समनला बॉल टाकणारे) सरावाला आले की टाकलेला बॉल मोजणारं रडार लावायचं, आकडे नीट येतायत का बघायचं आणि झोपायच्या आत ते कोचच्या टॅबलेटवर पोचवायचे. विद्यार्थ्यांच्या एफ-१ व्हिसावर सेमिस्टर चालू असताना आठवड्याला २० तासांपेक्षा जास्त काम करता येत नाही. पण ऑगस्टपासून मे अखेरपर्यंत तेवढ्या तासांतही इथली जवळजवळ प्रत्येक खोली मी वापरली. युनिव्हर्सिटीचं नाव देत नाही, कारण कौतुकाबरोबर तक्रारीही लिहिणार आहे आणि त्या सोडवायचं काम आतल्या आत चालू आहे.

हे लिहायचं कारण असं की इथल्या ओळखीच्या मराठी घरांतली मुलं हायस्कूलला बेसबॉल आणि मुली सॉफ्टबॉल खेळतायत. कॉलेज बघायला निघाले की त्यांचे आईबाबा मला फोन करतात : सुविधा कशा आहेत? भेटीच्या दिवशी त्यांना स्कोअरबोर्ड, चामड्याच्या खुर्च्यांची लॉकर रूम आणि भिंतीवरचे जुने फोटो दाखवतात. ते सगळं छानच असतं. पण वर्षभर आत वावरल्यावर माझं मत पक्कं झालंय की सुविधा मोजायच्या त्या मिनिटांत. मुलाचा वेळ वाचवते ती चांगली सुविधा. वेळ खात असेल तर ती कितीही महाग असू दे, मुलाच्या कामाची नाही.

याला कारण आहे. एनसीएए, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची संघटना, तिच्या नियमाप्रमाणे सीझनमध्ये टीमचा सराव दिवसाला ४ तास आणि आठवड्याला २० तासांच्या आत ठेवावा लागतो, आणि आठवड्यातला एक दिवस पूर्ण सुट्टी द्यावी लागते. सीझन नसताना ही मर्यादा आणखी खाली, ८ तासांवर येते. मुलगा स्वतःहून येऊन टीवर (बॉल ठेवून मारायच्या उभ्या दांडीवर) बॅटिंग करत बसला तर ते या तासांत धरत नाहीत. सुधारणा बहुतेक तिथेच होते. म्हणून दार कधी उघडं असतं, कार्ड किती वाजेपर्यंत चालतं आणि लायब्ररीतून तिथे पोचायला किती वेळ लागतो, हे प्रश्न स्कोअरबोर्डपेक्षा फार मोठे आहेत.

आमच्याकडची सगळ्यात आवडती जागा म्हणजे इनडोअर केज, म्हणजे जाळ्यांच्या आत बॅटिंगचा सराव करायची बंदिस्त जागा. पत्र्याचं उंच छप्पर, खाली टर्फ म्हणजे कृत्रिम गवत, आणि जाळ्या सरकवून लांबलचक गाळे पाडलेले. एका गाळ्यात पिचिंग मशीन कायम लावलेलं, तेही तीन चाकांचं, म्हणजे कर्व्हबॉल, वळणारा बॉलही टाकतं. खेळाडूंचं कार्ड रात्री उशिरापर्यंत चालतं. फेब्रुवारीत पाऊस आला तरी सराव बुडत नाही. अकाउंटिंगचा पेपर देऊन दहा वाजता येणारी मुलं मी इथे पाहिली आहेत, आणि ती येऊ शकतात हेच या जागेचं मोठेपण. एक गोष्ट मात्र कोणी सांगत नाही : आवाज. कॉलेजमध्ये लाकडाऐवजी धातूच्या किंवा कंपोझिट बॅट चालतात. २०११ पासूनच्या बीबीसीओआर मानकामुळे त्यांची उसळी लाकडी बॅटच्या जवळ आणली असली, तरी पत्र्याखाली चार जण एकदम मारायला लागले की कान बधिर होतात. इअरप्लगचा डबा दाराशीच ठेवलाय. तो वापरावा.

या केजमधली तक्रार माझ्या कामाशी संबंधित आहे. नव्या भागात बसवलेले एलईडी दिवे डोळ्यांना स्थिर दिसतात, पण वेगवान कॅमेऱ्याला ते लुकलुकताना दिसतात. बॉलची फिरकी मोजायला आम्ही होम प्लेटच्या (बॅट्समन उभा राहतो तिथल्या पांढऱ्या पट्टीच्या) पुढे जमिनीवर ठेवायचं कॅमेऱ्याचं यंत्र वापरतो. त्या दिव्यांखाली ते मधले मधले बॉल टिपतच नाही. पिचर घाम गाळून टाकतोय आणि यादीत दर काही बॉलनंतर रिकामी ओळ. दिवे बदलून मिळायला हिवाळा संपावा लागला. तोपर्यंत आम्ही जुन्या भागातच काम केलं, म्हणजे बॅट्समनांचे दोन गाळे आम्ही अडवून बसलो. इमारत बांधताना कोच आणि डेटावाल्यांना आधी विचारलं असतं तर हे घडलं नसतं, असं मला मनापासून वाटतं.

बाहेरचं बुलपेन, म्हणजे पिचरच्या सरावाची जागा, मात्र उत्कृष्ट. इथे थोडं सविस्तर लिहितो, कारण भारतातून बघणाऱ्याला पिचर म्हणजे फक्त जोरात फेकणारा वाटतो. तो ज्यावर उभा राहतो तो माउंड म्हणजे मातीचा उंचवटा. नियमाने त्याची उंची १० इंच. वर २४ इंच लांब आणि ६ इंच रुंद रबराची पट्टी असते. तिच्यापुढे ६ इंचांवर उतार सुरू होतो आणि दर फुटाला एक इंच खाली जातो. पट्टीपासून होम प्लेट ६० फूट ६ इंच. पिचरचा पुढचा पाय जवळपास दर वेळी त्याच ठिकाणी पडतो, त्यामुळे काही जणांचा सराव झाला की तिथे खड्डा पडतोच. तो तसाच राहिला तर पुढच्याचा पाय मुरगळतो, नाहीतर तो नकळत पाऊल बदलतो आणि सगळा ताण खांद्यावर जातो.

आमच्याकडे नियम असा की टाकून झाल्यावर पिचरनेच खड्डा भरायचा. आधी सुटी माती ब्रशने झाडून काढायची. मग खड्ड्यात झारीने पाणी शिंपडायचं, कारण कोरड्या मातीवर नवी माती धरत नाही. मग चिकणमातीचा ओलसर गोळा दाबून बसवायचा, वरून धुम्मस मारायचं, आणि शेवटी ताडपत्री ओढायची म्हणजे ओल टिकते. कोकणात आजी अंगण चोपून घेते तीच निगुती. मैदान सांभाळणारे गृहस्थ माउंडवर गुडघे टेकून बोटाने माती दाबून बघतात, आणि बोट आत गेलं की पिचरला परत बोलावतात. मग स्टार पिचर असला तरी येतो. बुलपेनमध्ये शेजारी शेजारी माउंड, पाण्याचा नळ हाताशी, मातीचा पिंप झाकलेला, धुम्मस आणि ब्रश भिंतीला टांगलेले. काही शोधावं लागत नाही म्हणून हे रोज होतं. खर्चाच्या मानाने या प्रोग्रॅममधली ही सगळ्यात शहाणी सुविधा आहे.

एकच उणीव : तिथे वाय-फाय येत नाही. रडारचे आकडे लॅपटॉपवर साठवून केजमध्ये आल्यावर चढवावे लागतात. फिरकी किती, बॉल किती इंच वळला, हातातून बॉल कुठे सुटला, हे सगळं पिचरला दोन बॉलांच्या मध्ये कळलं तर तो लगेच पकड बदलून बघतो. रात्री कळलं तर ती नुसती माहिती राहते. नॉर्थ कॅरोलिनातल्या वेक फॉरेस्टने पिचिंग लॅब उभारली, तिथे शरीराची हालचाल टिपणारे कॅमेरे आणि पायाखाली ताकद मोजणाऱ्या प्लेट्स आहेत. २०२३ मध्ये त्यांची टीम ओमाहाला कॉलेज वर्ल्ड सीरीजपर्यंत, म्हणजे कॉलेज बेसबॉलच्या शेवटच्या मोठ्या स्पर्धेपर्यंत गेली आणि त्यांचा पिचर ऱ्हेट लाउडर ड्राफ्टमध्ये (व्यावसायिक टीम नवे खेळाडू निवडतात त्यात) सातव्या क्रमांकावर निवडला गेला. सगळ्यांना तेवढं परवडणार नाही. बुलपेनपर्यंत एक केबल ओढणं मात्र कोणालाही परवडतं.

मैदान कृत्रिम टर्फचं आहे. पावसानंतर लवकर खेळता येतं, ताडपत्री ओढायला माणसं लागत नाहीत. पण ऑगस्ट-सप्टेंबरच्या दुपारी त्यावर उभं राहून बघा. कडक उन्हात अशा टर्फचा पृष्ठभाग ६० अंश सेल्सियसच्या वर जाऊ शकतो. बुटाच्या तळातून चटका बसतो. आमच्या कोचनी सराव सकाळी हलवला, डगआउटमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या बसायच्या जागेत, धुक्यासारखं पाणी सोडणारे पंखे लावले. तेवढी काळजी घेत असतील तर टर्फ चालेल. गवतावर खेळायचा आनंद वेगळा हे खरं, पण १४ फेब्रुवारीच्या आसपास सुरू होऊन मेपर्यंत ५६ सामने बसवायचे असतात, तेव्हा पावसाला किंमत द्यावीच लागते.

आता जेवण. माझ्या मते प्रोग्रॅमची खरी परीक्षा इथे होते. पूर्वी एनसीएएचे नियम इतके चमत्कारिक होते की खेळाडूला कोरडा बेगल (कड्यासारखा पाव) द्यायला हरकत नव्हती, पण त्याला काही लावून दिलं की ते जेवण धरलं जाई. २०१४ मध्ये कनेक्टिकटचा बास्केटबॉलपटू शबाझ नेपियर जाहीरपणे म्हणाला की काही रात्री आपण उपाशी झोपतो. त्याच एप्रिलमध्ये डिव्हिजन वन या सगळ्यात वरच्या गटातल्या खेळाडूंना हवं तितकं खाणं देण्याची मुभा मिळाली. आमच्याकडे लॉकर रूमला लागून खाण्याची छोटी खोली आहे : केळी, पीनट बटर, दही, चॉकलेट मिल्क, उकडलेली अंडी, ओट्स. मी शाकाहारी, तरी माझी कधी अडचण झाली नाही. उत्तम.

पण संध्याकाळचा सामना नेहमीच्या नऊऐवजी अकरा इनिंग चालला, किंवा विजेमुळे थांबला, तर काय? वीज चमकली की खेळ थांबतो, शेवटच्या विजेपासून ३० मिनिटं थांबावं लागतं, आणि पुन्हा चमकली की मोजणी पहिल्यापासून. मुलं मैदानातून बाहेर पडेपर्यंत डायनिंग हॉल बंद. खाण्याच्या खोलीत असतं ते मधल्या भुकेचं, जेवण नाही. कित्येक मुलं गाडी काढून हायवेवरचा बर्गर खाऊन झोपत. ज्याच्याकडे गाडी नाही तो दुसऱ्याच्या भरवशावर. मार्चमध्ये दोन पालकांनी आवाज उठवला तेव्हा सामन्याच्या रात्री डबे ठेवायला सुरुवात झाली. साधा उपाय, पण त्याला अर्धा सीझन जावा लागला याचं मला आजही वाईट वाटतं. आईबाबांनी भेटीला गेल्यावर हा प्रश्न नक्की विचारावा, आणि कोचला नाही, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलाला विचारावा.

ट्रेनिंग रूम, म्हणजे फिजिओची खोली, स्वच्छ आणि भरपूर मोठी आहे, बर्फाच्या पाण्याचे टबही पुरेसे. अभ्यासासाठीचं सेंटर वेगळ्या इमारतीत. ट्यूटर चांगले, पण मैदान कॅम्पसच्या एका टोकाला आणि हे दुसऱ्या टोकाला. शटल अर्ध्या तासाने. मैदान लांब असणं ही काही आमचीच गोष्ट नाही. ऑस्टिनला टेक्सास युनिव्हर्सिटीचं १९७५ मध्ये सुरू झालेलं डिश-फॉक फील्डही मुख्य कॅम्पसपासून हायवेच्या पलीकडे आहे. फरक पडतो तो बसच्या वेळापत्रकाने. शुक्रवार, शनिवार, रविवार सामने, गुरुवारी प्रवास, बऱ्याचदा मंगळवारीही एक सामना. अशा आठवड्यात शटलसाठी उभं राहिलेली पंचवीस मिनिटं म्हणजे एका असाइनमेंटचा पाया. खेळाडूंना विषय आधी निवडायला मिळतात, त्यामुळे दुपार मोकळी ठेवता येते. ही सोय दिसत नाही, पण मोलाची आहे.

सॉफ्टबॉलबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. महाराष्ट्रात शाळा-कॉलेजांत मुली सॉफ्टबॉल खेळतात, त्यामुळे तो खेळ मला बेसबॉलच्या आधीपासून ओळखीचा. १९७२ च्या टायटल नाइन कायद्याने इथे मुलींच्या टीमलाही समान वागणूक द्यावी लागते, आणि त्यांचं मैदान खरंच सुंदर आहे. पण इनडोअर केज दोन्ही टीमचं एकच. पाऊस पडला की आधी मुलं, मग मुली, हे वेळापत्रक कोणी ठरवलं माहीत नाही, पण हिवाळाभर तेच चाललं. रात्री साडेनऊला सराव सुरू करून सकाळी आठच्या लॅबला जाणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. केज एकच असलं तर पाळी आलटून पालटून हवी. मी आणि सॉफ्टबॉलची डेटा सांभाळणारी मुलगी, आम्ही दोघांनी वापराच्या तासांचा तक्ता करून ऑफिसला दिला. पुढच्या वर्षी पाळ्या बदलतील असं तोंडी आश्वासन मिळालंय. लेखी मागणार आहोत.

प्रेक्षकांसाठी फारसं सांगण्यासारखं नाही. विद्यार्थ्यांना प्रवेश फुकट, सावली फक्त होम प्लेटमागे, पार्किंग रविवारी सोपं.

शेवटी सरळ मत. मुलगा पिचर असेल तर या प्रोग्रॅमला मी बिनधास्त हो म्हणेन. बुलपेन आणि त्याची निगा पाहूनच म्हणेन. बॅट्समनलाही चांगलं. कॅचर, म्हणजे पिचरचा बॉल पकडणारा, असेल तर थांबून विचार करा. प्रत्येक पिचरच्या सरावाला समोर कोणीतरी बसावं लागतं, आणि बुलपेनसाठी वेगळा कॅचर नेमलेला नसेल तर ते काम टीमच्याच कॅचरवर येतं. आमच्या दोन्ही कॅचरचे गुडघे आणि वेळ दोन्ही तिथेच गेले. बॅटिंगला त्यांचा नंबर लागेपर्यंत सराव संपायची वेळ झालेली असे. बुलपेन कॅचर किती आहेत आणि ते रोज येतात का, हे भेटीच्या दिवशी विचारा, आणि उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरं कॉलेजही बघून ठेवा.