विंडोज ११ची लॉक स्क्रीन : देवगडच्या पडवीतला आठ महिन्यांचा अनुभव

विंडोज १०ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा नेहमीचा आधार (सपोर्ट) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, तेव्हा आंब्याच्या हिशेबासाठी वापरात असलेला जुना संगणक बाजूला ठेवून मी विंडोज ११ असलेला नवा संगणक घेतला. तो आमच्या घराच्या पडवीत, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या नजरेसमोर असतो, त्यामुळे कुलूप लावलेल्या पडद्यावर, म्हणजे लॉक स्क्रीनवर, काय दिसावे याकडे मला बारकाईने लक्ष द्यावे लागले.

सुरुवातीला मी विंडोज स्पॉटलाइट, म्हणजे लॉक स्क्रीनवर आपोआप नवनवी छायाचित्रे दाखवणारी सोय, सुरू ठेवले होते. त्यातली छायाचित्रे खरोखरच देखणी असतात, परंतु ती इंटरनेटवरून येतात आणि आमच्या वाडीतले इंटरनेट गेले की तेच चित्र दिवसेंदिवस समोर राहते. म्हणून सेटिंग्जमधील पर्सनलायझेशन आणि त्यातील लॉक स्क्रीन येथे जाऊन मी ‘पिक्चर’ हा पर्याय निवडला आणि कुणकेश्वराच्या देवळाचा, ओहोटीच्या ओल्या वाळूवरून मोबाइलने काढलेला फोटो लावला. पाहतो तर घड्याळाचे आकडे नेमके कळसावर आले होते. विंडोज १०मध्ये घड्याळ खाली डाव्या कोपऱ्यात असे. विंडोज ११मध्ये ते वर मधोमध असते. शिवाय मोबाइलचा फोटो ४:३ प्रमाणाचा आणि पडदा १६:९चा असल्यामुळे फोटोचा वरचा व खालचा भाग कापला जातो, हे माझ्या आधी ध्यानात आले नव्हते.

दुसऱ्या खेपेस मी बराच मागे सरून देऊळ डावीकडे खाली घेतले, वरचा अर्धा भाग आकाशाला दिला आणि फोटो १९२० × १०८० या मापात कापूनच लावला. उन्हातल्या फोटोत पांढरे आकडे आकाशात विरून जात होते; सूर्य बुडाल्यानंतर आकाश जांभळट झाल्यावर काढलेल्या फोटोत ते पडवीच्या दुसऱ्या टोकावरूनही वाचता येतात. पासवर्ड टाकण्याच्या पडद्यावर हाच फोटो धूसर होतो. तो स्वच्छ हवा असेल तर पर्सनलायझेशनमधील ‘कलर्स’ येथे जाऊन ट्रान्सपरन्सी इफेक्ट्स (पारदर्शकतेचे परिणाम) बंद करावेत.

हवामान, शेअर बाजार, वाहतूक, खेळ अशी कार्डेही या पडद्यावर येतात. मी हवामानाचे तेवढे ठेवले. मोहोराच्या दिवसांत सकाळी फवारणीला निघण्याआधी पावसाची शक्यता आहे का, हे संगणक न उघडता समजणे मला मोलाचे वाटते.

मात्र सर्वांत जास्त काळजी सूचनांची घ्यावी, असे मी आग्रहाने सांगेन. एप्रिलमध्ये एक व्यापारी समोर बसून पेटीचा भाव ठरवत असताना दुसऱ्या व्यापाऱ्याच्या मेलची पहिली ओळ, त्याने देऊ केलेल्या दरासकट, पडद्यावर उमटली. समोरच्याने ती वाचली आणि पुढचे सारे बोलणे त्या आकड्याभोवतीच फिरले. ज्याने विश्वासाने दर कळवला होता, त्याची गोष्ट माझ्या घरात उघडी पडली, याचे मला फार वाईट वाटले. त्याच रात्री मी सिस्टिममधील नोटिफिकेशन्स उघडून मेलच्या अ‍ॅपपुरता, लॉक स्क्रीनवर मजकूर लपवण्याचा पर्याय निवडला. आता मेल आल्याचे कळते, मजकूर दिसत नाही. सूचना पूर्ण बंद करण्याची सोयही तिथेच आहे, पण हंगामात मेल आल्याचे कळणे आवश्यक असल्यामुळे मला हा मधला मार्ग योग्य वाटला.

मोबाइल ब्लूटूथच्या टप्प्याबाहेर गेला की संगणकाला आपोआप कुलूप लावणारी डायनॅमिक लॉक ही सोयही मी वापरतो. मात्र मोबाइल दूर गेल्यावर कुलूप लागायला साधारण मिनिटभर लागते आणि पडवीत माणसे बसलेली असताना तेवढा वेळ पडदा उघडा ठेवणे मला मान्य नाही. म्हणून पेट्या भरायला मांगराकडे, म्हणजे बागेतल्या खोपटाकडे, निघताना विंडोज आणि एल ही दोन बटणे दाबूनच मी खुर्चीवरून उठतो.