ऑर्बिटल सँडर: मशीन झकास, पॅडने मात्र डोकं उठवलं

परवा पुन्हा सँडरच्या, म्हणजे पत्रा घासायच्या मशीनच्या, पॅडचा (ज्यावर घासायचा पेपर चिकटतो) वेल्क्रो गेला, म्हणून लिहायला बसलो.

आमच्या जुन्या वॅगनआरच्या चाकांवरच्या कमानी आणि दारांच्या खालच्या कडा अलिबागच्या खाऱ्या हवेने खाल्ल्या होत्या. पेंटरने सांगितलेल्या आकड्यात हा सँडर, पेपर, पुट्टी, प्रायमर सगळं येऊन वर पैसे उरत होते. मग कशाला सोडा?

कड मारायला, म्हणजे जुन्या रंगाची कड पत्र्यापर्यंत उतरती करायला, याच्यासारखं दुसरं काही नाही. ८० नंबरच्या पेपरने गंज काढायचा, १८० ने कड पसरवायची, ३२० ने प्रायमरआधीचा हात. मधे चकचकीत पत्रा, भोवती प्रायमरचा राखाडी पट्टा, मग रंग, मग लॅकर (वरचा पारदर्शक थर). डोळे मिटून बोट फिरवलं तरी पायरी लागत नाही. हाताने एवढ्याला अख्खी संध्याकाळ जायची.

पण तो पॅड! पूर्ण वेगावर जरा दाबून, त्यातून कडेवर धरला, की तापतो आणि वेल्क्रोचे आकडे वितळतात. मग पेपर भिरभिरत अंगणात. सर्व्हिस सेंटरचं म्हणणं, पॅड झिजणारा भाग, वॉरंटीत येत नाही. मान्य. विकत द्या म्हटलं, तर सुटा मिळत नाही, मशीन पाठवा! अहो, साडेचारशेच्या पॅडसाठी मशीन कुरियर करू? हार्डवेअरवाल्याकडचा पॅड सहा भोकांचा, माझे पेपर आठ भोकांचे. शेवटी मध्ये लावायचा फोमचा पातळ पॅड घेतला. आता झीज त्याची होते, आणि परवा गेला तोही तोच; खालचा मूळ पॅड शाबूत आहे.

धुळीच्या पिशवीला मी सुरुवातीला शोभेची वस्तू म्हणायचो. ते अजूनही खरंच आहे, पण पिशवी काढून तिथे घरच्या व्हॅक्युमचा पाइप बसवला आणि मत बदललं. पेपर पुट्टीने बुजत नाही, दुप्पट टिकतो. पैसे तिथेच वसूल. मास्क तरीही लावायचाच.

पुट्टी सपाट करायला मात्र हे मशीन काढू नका. मऊ पॅड खड्ड्यात खड्ड्यासारखा आणि उंचवट्यावर उंचवट्यासारखा फिरतो. रंग चढल्यावर उन्हात दार लाटांसारखं दिसतं. त्याऐवजी काळ्या मॅट स्प्रेचा हलका फवारा मारायचा आणि लांब ठोकळ्याला पेपर लावून तिरकं घासायचं. जिथे काळं उरेल तिथे खड्डा. तेही कोरडंच, कारण पुट्टी पाणी पिते आणि पुढे रंगाला फोड येतात. घासण्याआधी पत्रा ग्रीस रिमूव्हरने पुसायचा. डॅशबोर्ड पॉलिशमधलं सिलिकॉन राहिलं, तर रंगात माशाच्या डोळ्यांसारखे खळगे पडतात.

पावसाळ्यात काम बंद ठेवलंय. आमच्याकडे उघडा पत्रा रात्रीत तांबूस होतो, त्यामुळे घासलं त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर मारायचा हा नियम. बॉनेट दसऱ्यानंतर.

मशीनला चार तारे, पॅडला अर्धा, सर्व्हिस सेंटरला तो अर्धाही नाही.