कॅमेऱ्याची लेन्स पावसाळ्यात ठेवायची कुठे: हार्ड केस की ड्राय कॅबिनेट?

फोंड्यात पावसाळे काढलेल्याला बुरशी म्हणजे काय ते सांगायला नको. चपला, कमरेचे पट्टे, कपाटाची मागची फळी, सगळ्यांवर ती चढते. हवेत साठ-पासष्ट टक्क्यांवर ओल टिकली की लेन्सच्या काचेवरही तिचं फावतं, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर आकडा ८०-९० च्या आसपासच घुटमळतो.

चार वर्षं मी रबरी सीलची हार्ड केस वापरली, गेली तीन वर्षं विजेवरचं ड्राय कॅबिनेट आहे, म्हणजे आतली ओल आपण लावू त्या टक्क्यावर राखणारं छोटं कपाट.

केसला नावं ठेववत नाहीत. दिवाडीच्या फेरीबोटीत स्कूटरवरून आदळली, आत ओरखडाही नाही. भानगड आतली ओल शोषायला ठेवायच्या सिलिका जेलची. निळे दाणे ओल पिऊन गुलाबी झाले की भाजायचे, आणि पावसात माझे पंधरवड्यातच गुलाबी होत. निळ्यात कोबाल्ट असतं, ते पोटात जाणं बरं नव्हे, म्हणून त्यांच्यासाठी जुना तवा वेगळा काढलेला. आईने एकदा विचारलंच, ''शेंगदाणे संपत कसे नाहीत रे तुझे?''

मन उडालं ते मात्र मोलेहून आलेल्या एका रात्री. दिवसभर पावसात भिजलो होतो. लेन्स वरवर पुसली, केसमध्ये ठेवली, खटके लावले, झोपलो. दाणे आधीच गुलाबी. मग चवथीची धांदल. तीन आठवड्यांनी उघडली तर फोम दमट, आणि टॉर्च मारल्यावर मागच्या काचेच्या कडेला कोळिष्टकासारखे बारीक धागे. बाहेरचं पाणी अडवणाऱ्या त्याच सीलने आतली ओलही कोंडून धरली होती. साफसफाईला गेलेल्या पैशांत अर्धं कॅबिनेट आलं असतं.

कॅबिनेट ४५ वर लावलंय, आठवण ठेवावी लागत नाही. मागच्या जुलैत रात्रभर वीज नव्हती. दार उघडलं नाही, सकाळी आकडा ५० होता. जागा खातं, हे खरं. दारावरचा आकडा माझ्या ओल मोजायच्या सुट्या हायग्रोमीटरपेक्षा पाच-सहाने कमी असतो, म्हणून तो मी फारसा मनावर घेत नाही. फार खाली मात्र नेऊ नका, रबर आणि वंगणाला अति कोरडं मानवत नाही.

एक-दोनच लेन्स असतील आणि दाणे वेळेवर भाजायची शिस्त असेल, तर केसवर भागेलही. माझ्या अंगी ती नाही.

केस अजून आहे. शिगम्याला तीच नेतो. घरी आलो की रिकामी करून, झाकण उघडं टाकून पंख्याखाली ठेवतो.