जिगसॉ सुडोकूची 80 रुपयांची पुस्तिका: कोडी चोख, शिकवणी अर्धी

लातूरला गंजगोलाईपासून बसस्थानकापर्यंतच्या पुस्तकांच्या स्टॉलवर सध्या वाकड्यातिकड्या तुकड्यांच्या सुडोकूची एक पुस्तिका लटकलेली दिसते. 80 रुपये, 100 कोडी, एका पानावर दोन. नेहमीच्या सुडोकूत 3×3 चे नऊ चौकोन असतात. इथे त्यांच्या जागी नऊ-नऊ घरांचे वेडेवाकडे तुकडे, अगदी तालुक्यांच्या नकाशासारखे. (मराठवाड्याचे जिल्हे आठच, नाहीतर मुखपृष्ठ आयतं मिळालं असतं.) बाकी नियम तोच: आडवी ओळ, उभी ओळ आणि तुकडा, तिन्हींत 1 ते 9 एकेकदाच.

पहिली 30 कोडी नेहमीच्या सवयीने सुटतात. त्यानंतर गाडी अडते, आणि त्यात दोष कोड्यांचा नाही. सुरुवातीच्या दोन पानांच्या मार्गदर्शनात या प्रकाराची मुख्य युक्तीच दिलेली नाही. ‘चौकोनाच्या तीन ओळी तपासा’ असं छापलंय. इथे चौकोन आहे कुठे?

युक्ती आहे शिलकीच्या हिशेबाची. क्र. 34 मध्ये एका तुकड्याची सात घरं पहिल्या आडव्या ओळीत आहेत, डावीकडून सलग. उरलेली दोन दुसऱ्या ओळीच्या सुरुवातीला लोंबतात. आता ओळीतही 1 ते 9 आणि तुकड्यातही 1 ते 9. सामाईक सात घरं दोन्हींतून वजा केली, की खाली लोंबणाऱ्या दोन घरांत जे आकडे, तेच पहिल्या ओळीच्या शेवटच्या दोन घरांत. लोंबणाऱ्या घरांपैकी एकात 4 छापलेलाच आहे, आणि नवव्या उभ्या ओळीत 4 येऊन गेलाय. म्हणजे पहिल्या ओळीत आठव्या घरात 4. एकही पर्याय न लिहिता.

हाच हिशेब दोन, तीन, चार ओळी एकत्र धरून करायचा. वरच्या तीन ओळी म्हणजे 27 घरं. त्यांत बहुतांशी बसणारे तीन तुकडे निवडा. तुकड्यांची जेवढी घरं खाली सांडतात, तेवढीच घरं वरच्या ओळींत परक्या तुकड्यांची असणार. बाहेर दोन आणि आत तीन आली तर मोजणी चुकली, पुन्हा मोजा. सांडलेली घरं तीन-चारच्या वर गेली तर सुरुवातीला तो हिशेब सोडून दिलेला बरा. उभ्या ओळींवरही हेच करा. बरेच जण आडव्यावरच थांबतात. मात्र वरच्या चार ओळी तपासून झाल्यावर उरलेल्या तुकड्यांसाठी खालच्या पाच ओळी वेगळ्या तपासू नका, तीच घरं पुन्हा निघतात.

एक चूक हमखास होते. बाहेर सांडलेली घरं दोन वेगळ्या तुकड्यांतली असतील तर दोन्हींत 5 असू शकतो. मग आतही 5 दोनदा येतो, वेगवेगळ्या ओळींत. ‘5 आलाय, आता दुसरा नको’ म्हणून खोडलं की पुढचं सगळं कोडं बिघडतं.

डोळ्यांची सवयही बदलावी लागते. साध्या सुडोकूत प्रत्येक घरावर इतर 20 घरांचा वचक असतो. इथे ती संख्या तुकड्याच्या आकारानुसार 16 ते 23 होते. म्हणून सुरुवात लांबट तुकड्यांपासून करा: एखाद्या तुकड्याची पाच घरं एकाच ओळीत असतील आणि 7 त्या पाचांतच बसत असेल, तर ओळीच्या उरलेल्या चार घरांतून 7 बाद.

छपाईवर मात्र राग येतो. तुकड्याची सीमा आणि साधी रेघ यांच्या जाडीत फरक इतका कमी, की एसटीत बसून सोडवताना तुकडाच चुकतो. उपाय सोपा आहे: आधी तुकडे फिकट रंगवून घ्या. कोणत्याही नकाशाला चार रंग पुरतात हे 1976 साली सिद्ध झालंय, तेव्हा चार रंगीत पेन्सिलींवर काम भागतं. स्केचपेन वापरू नका, कागद पातळ आहे, मागच्या कोड्यात शाई उतरते. खोडरबरही जपून, तिसऱ्यांदा घासलं की भोक.

उत्तरं मागे आहेत, बहुतेक बरोबर. क्र. 72 ला मात्र दोन उत्तरं निघतात. सहाव्या-सातव्या आडव्या आणि चौथ्या-पाचव्या उभ्या ओळीतली चार घरं रिकामी राहतात, वरची दोन एका तुकड्यात, खालची दोन दुसऱ्या, आणि चौघांत 3 आणि 8 एवढेच पर्याय. अदलाबदल केली तरी ओळी, तुकडे सगळे जुळतात. चारांपैकी एक आकडा छापला असता तर भागलं असतं. तिथे डोकं आपटू नका. वरच्या डाव्या घरात 3 मांडा, उत्तराच्या पानाशी जुळेल.